बहात्तरावा हिस्सा

लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानाच्या पंखांचा विस्तार १०२ फूट. त्याला बहात्तराने भागले की नेमके १७ इंच येतात. दुसऱ्या महायुद्धात रात्रीमागून रात्री जर्मनीच्या शहरांवर जाऊन आलेले हे चार इंजिनांचे धूड आज या १७ इंचांत उतरवले जाते. जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले, हातात घेतले तर वजन जाणवणारे आणि अनुक्रमांक घातलेल्या प्रमाणपत्रासह पेटीत बसवलेले. त्याला खेळणे म्हटलेले या छंदातल्या मंडळींना आवडत नाही. ही मंडळी बहुतेक प्रौढ असतात. विमान ती काचेच्या कपाटात ठेवतात, त्याच्यावरची धूळ हलक्या हाताने झटकतात आणि शेपटीवरच्या एखाद्या अक्षराची जागा चुकलेली दिसली तर अस्वस्थ होतात.

या छंदाला हसणे सोपे आहे आणि त्याच्यावर रागावणे त्याहून सोपे. ज्या यंत्राने हजारो घरे जाळली ते दिवाणखान्यात शोभेला ठेवायचे, ही कल्पनाच कित्येकांना सहन होत नाही. उलट बाजूला ‘आम्ही इतिहास जपतो’ हे संग्राहकांचे उत्तरही ठरलेले आहे. दोन्ही पक्ष थोडे घाईने बोलतात. धातूच्या या लहान विमानांनी नेमके काय जपले आणि काय गाळले, हे त्या विमानांकडेच नीट पाहिले तर कळू शकते.

आधी या बहात्तराचा हिशेब पाहू. फूट आणि इंचांच्या जगात १:७२ हे प्रमाण सोयीचे होते. खऱ्या विमानाचे सहा फूट म्हणजे मॉडेलचा एक इंच. ब्रिटनमध्ये १९३६ मध्ये ‘फ्रॉग’ कंपनीने या प्रमाणातले जोडून करायचे संच बाजारात आणले. पण हे प्रमाण रुजले ते युद्धामुळे. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने देशातल्या शाळांना आवाहन केले, की विद्यार्थ्यांनी लाकडाची पाच लाख मॉडेल विमाने करून द्यावीत. पस्तीस फुटांवर धरलेले १:७२ चे मॉडेल साधारण अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढे दिसते. तोफेवर बसणाऱ्या सैनिकाला आपले विमान कोणते आणि शत्रूचे कोणते, हे क्षणात ओळखता यावे म्हणून ही शाळकरी मुलांची कारागिरी वर्गावर्गांतून वापरली गेली. म्हणजे ओळख पटवणे हे या लहान विमानांचे जुनेच काम आहे. आज प्रश्न एवढाच, की ती आपल्याला कोणाची ओळख पटवून देतात?

धातूच्या विमानांची परंपरा याच्याही आधीची. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीने १९३४ मध्ये ‘डिंकी टॉइज’ हे नाव घेतले आणि मोटारींबरोबर विमानेही काढली. युद्ध जवळ आले तसे ब्लेनहाइम आणि फ्लाइंग फोर्ट्रेस ही बॉम्बफेकी विमानेही दुकानांच्या फळीवर आली. मग खरे युद्ध सुरू झाले. खऱ्या विमानांना आणि दारूगोळ्याला धातू हवा होता, तेव्हा ब्रिटनमध्ये धातूची खेळणी तयार करण्यावर बंदी आली. डिंकीचा कारखानाही युद्धकार्याला लागला. युद्धानंतर तो पुन्हा खेळण्यांकडे वळला आणि १९७९ मध्ये कायमचा बंद पडला. त्याचे काही जुने साचे त्याआधीच कलकत्त्याला आले होते. तिथे ‘निकी’ या नावाने त्यातून खेळणी निघत, हे आपल्याकडच्या जुन्या खेळण्यांच्या शौकिनांना ठाऊक असेल.

डायकास्टची कृती ऐकायला साधी आहे. जस्तात थोडे ॲल्युमिनियम, किंचित तांबे आणि मॅग्नेशियम घालून मिश्रधातू करायचा, चारशे अंशांच्या आसपास तो वितळवायचा आणि दाबाखाली पोलादी साच्यात सोडायचा. क्षणात तो थिजतो. मात्र मिश्रधातू शुद्ध हवा. शिशाचा बारीकसा अंश जरी त्यात राहिला, तरी काही वर्षांनी धातू आतून फुगू लागतो. त्याला भेगा पडतात, पंख वाकतात आणि एके दिवशी हात लावताच तुकडे होतात. युद्धपूर्व डिंकी विमाने अखंड सापडणे अवघड, ते यामुळेच. वरचा रंग शाबूत असतो, आतला धातू गेलेला असतो.

आज संग्राहकांसाठी जी मॉडेले निघतात त्यांचा जमाना १९९०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला. १९५६ पासून मोटारींसाठी प्रसिद्ध असलेल्या ‘कॉर्गी’ने ‘एव्हिएशन आर्काइव्ह’ ही मालिका काढली. लँकेस्टर, फ्लाइंग फोर्ट्रेस, लिबरेटर, हाइंकेल अशी विमाने मर्यादित संख्येने येऊ लागली. यातले अर्थकारण समजून घेण्यासारखे आहे. पोलादी साचा फार महाग असतो. एकाच विमानासाठी तो करून भागत नाही. म्हणून एकाच साच्यातून पुन्हा पुन्हा तेच विमान निघते आणि दर वेळी रंग, क्रमांक, नाकावरचे चित्र बदलते. धातू तोच, पण एक विमान अमुक वैमानिकाचे, दुसरे तमुक तुकडीचे. या छंदात विमानाची ओळख धातूत नसते. ती त्याच्यावर छापलेल्या अर्ध्या मिलिमीटरच्या अक्षरांत असते. संग्राहक पैसे मोजतो ते बऱ्याच अंशी या अक्षरांसाठी.

आणि इथेच या छंदाची खरी पुण्याई आहे. ‘एस फॉर शुगर’ या नावाने ओळखले जाणारे लँकेस्टर आज लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये उभे आहे. त्याच्या नाकाच्या बाजूला ओळीने लहान लहान बॉम्ब रंगवलेले आहेत. एक बॉम्ब म्हणजे एक मोहीम, एकूण १३७ मोहिमा. खाली गोअरिंगची बढाई इंग्रजीत लिहून ठेवली आहे, की शत्रूचे एकही विमान जर्मनीच्या भूमीवरून उडणार नाही. ‘फँटम ऑफ द रूर’ या दुसऱ्या एका लँकेस्टरच्या नाकावर बॉम्बांच्या रांगेत आइस्क्रीमचे कोनही होते. ते इटलीतल्या शहरांवरच्या मोहिमांचे चिन्ह. विशी-बाविशीतल्या पोरांची ती थट्टा होती. मृत्यू रोज शेजारी बसत असला की माणसे अशीच थट्टा करतात. मॉडेलकर्त्यांनी ही सगळी बारीक चित्रे छायाचित्रांवरून शोधून, मोजून, तंतोतंत उतरवली. भक्तिभावानेच होऊ शकेल असे हे काम आहे.

या भक्तीला कारणही आहे. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये सुमारे सव्वा लाख माणसांनी विमानांतून काम केले. त्यांतले ५५,५७३ मेले. साधारण दर दोघांत एक म्हटले तरी फारसे चुकायचे नाही. इतके मोल देऊनही युद्ध संपल्यावर त्यांच्या वाट्याला अवघडलेली शांतता आली. जळालेल्या शहरांची छायाचित्रे समोर आली होती आणि ज्या पुढाऱ्यांनी आज्ञा दिल्या होत्या त्यांनाच आता त्या आठवणे नकोसे झाले होते. विजयानंतरच्या १३ मे १९४५ च्या भाषणात चर्चिल यांनी या मोहिमेला जवळजवळ वगळलेच. बॉम्बर कमांडचे प्रमुख आर्थर हॅरिस यांचा पुतळा १९९२ मध्ये लंडनमध्ये उभा राहिला तेव्हा घोषणा झाल्या, नंतर त्याच्यावर रंग ओतला गेला. मेलेल्या वैमानिकांचे स्मारक ग्रीन पार्कमध्ये व्हायला २०१२ साल उजाडावे लागले. मधली कित्येक वर्षे या पोरांची नावे आणि त्यांच्या विमानांचे क्रमांक सामान्य घरांत जपले गेले असतील, तर त्यात या मॉडेलवाल्यांचा वाटा आहे. सरकार जे बोलायला संकोचत होते, ते हौशी माणसे कपाटात मांडून ठेवत होती.

इतके मान्य केल्यावर दुसरा हिशेब मांडायला हरकत नसावी. लँकेस्टर साधारण १८,००० फुटांवरून बॉम्ब टाकत असे, असे धरू. विमान बहात्तराव्या हिश्शाने लहान केले तर ही उंचीही त्याच प्रमाणात लहान करायला हवी. अठरा हजार भागिले बहात्तर म्हणजे अडीचशे फूट. म्हणजे आपल्या कपाटातले मॉडेल जर खरेपणाने मांडायचे, तर ते पंचवीस मजली इमारतीच्या गच्चीवर ठेवावे लागेल आणि खाली, रस्त्याच्या पातळीवर, त्याच प्रमाणातले शहर उभे करावे लागेल. त्या शहरातला माणूस एक इंचाचाही भरणार नाही. तिथे चाळी असतील, शाळा असतील, तळघरांत उतरलेली कुटुंबे असतील. जुलै १९४३ च्या अखेरीस हॅम्बुर्गमध्ये अशी आग उठली, की तिने स्वतःचे वादळ निर्माण केले. त्या मोहिमेत ३५ ते ४० हजार माणसे मेली. बहात्तराव्या हिश्शात रिव्हेट उतरले, मशीनगनच्या नळ्या उतरल्या, वैमानिकाची खुर्ची उतरली. अडीचशे फूट खालचे शहर मात्र पेटीत आलेच नाही.

यावर संग्राहक म्हणेल, की विमानाच्या मॉडेलात शहर कुठून येणार? प्रश्न रास्त आहे. पण सर्वांत लाडक्या मॉडेलाचेच उदाहरण घ्या. १६-१७ मे १९४३ च्या रात्री ६१७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची १९ लँकेस्टर रूर भागातली धरणे फोडायला गेली. बार्न्स वॉलिस यांनी पाण्यावर टप्पे घेत जाणारा बॉम्ब तयार केला होता. मोहिमेचे नेते गाय गिब्सन यांचे विमान, पोटाखाली तो पिंपासारखा बॉम्ब लटकवलेले, संग्राहकांच्या घराघरांत आहे. आठ विमाने परतली नाहीत आणि ५३ जण मेले, ही माहिती तर शौकिनांना तोंडपाठ असते. पण म्योहने धरण फुटल्यावर खालच्या खोऱ्यात जी माणसे बुडाली त्यांची संख्या तेराशे ते सोळाशेच्या घरात जाते, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक जर्मन नव्हतीच. ती नाझींनी पकडून आणलेली परदेशी माणसे होती, कैदी आणि सक्तीचे मजूर, त्यांत पूर्वेकडून आणलेल्या कितीतरी बायका. ज्यांच्या सुटकेसाठी युद्ध चालले होते तीच माणसे छावणीच्या कुंपणात बुडाली. गिब्सन यांचे शौर्य यामुळे कमी होत नाही. पण ही गोष्ट माहीत नसताना ते मॉडेल पाहणे आणि माहीत असताना पाहणे, यांत फरक आहे.

काय दाखवायचे याची निवड या छंदात एरवीही चालूच असते. जर्मन विमानांच्या शेपटीवर नाझींचे स्वस्तिक असे. जर्मनीच्या कायद्याने त्या चिन्हावर निर्बंध असल्याने अनेक उत्पादक ते गाळतात. काही जण दोन तुकड्यांत वेगळे देतात, ग्राहकाने हवे तर जोडावे. कायद्याचा हेतू चांगला आहे. तरीही हाइंकेल-१११ ची शेपटी कोरी आणि बॉम्ब ठेवण्याचे कप्पे मात्र बिनचूक, असा देखावा पाहताना मन थबकते. १९३७ मध्ये गेर्निकावर गेलेल्या विमानांत हाइंकेलही होती. चिन्ह पुसले, यंत्र राहिले. लहान मुलाला त्यात फक्त एक देखणे विमान दिसेल.

हा प्रश्न केवळ कपाटांपुरता नाही, हे अमेरिकेत दिसून आले. हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारे बी-२९ विमान ‘एनोला गे’. वैमानिक पॉल टिबेट्स यांनी त्याला आपल्या आईचे नाव दिले होते. १९९५ मध्ये, घटनेच्या पन्नासाव्या वर्षी, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने या विमानाबरोबर हिरोशिमातल्या वस्तू आणि बळींची छायाचित्रे मांडायचे ठरवले होते. माजी सैनिकांच्या संघटनांनी आणि काँग्रेसच्या सदस्यांनी मोठा विरोध केला. जानेवारीत मूळ प्रदर्शन रद्द झाले, मे महिन्यात संग्रहालयाच्या संचालकांनी राजीनामा दिला आणि जूनमध्ये विमानाचा काही भाग तेवढा मांडला गेला. २००३ च्या डिसेंबरात संपूर्ण विमान नव्या दालनात आले, तेव्हा त्याच्यापुढच्या फलकावर तांत्रिक माहिती होती; मेलेल्यांचा आकडा नव्हता. त्या वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे एक लाख चाळीस हजार माणसे मेली, हे विमानाशेजारी उभ्या राहणाऱ्याला दुसरीकडून माहीत करून घ्यावे लागे. एवढी मोठी संस्था जिथे हे करू शकली नाही, तिथे खेळण्यांच्या कारखान्याला दोष काय द्यायचा?

पण जपानमधली एक गोष्ट या सगळ्याला छेद देते. मार्च १९४५ मध्ये एका रात्रीत बी-२९ विमानांनी टोकियोतली सुमारे एक लाख माणसे जाळली. १९५१ मध्ये त्याच टोकियोतल्या तोमियामा यांच्या कारखान्याने, म्हणजे पुढे ‘टॉमी’ नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीने, पत्र्याचे बी-२९ बाजारात आणले. ते प्रचंड खपले आणि अमेरिकेतही गेले. याला विस्मरण म्हणावे की पोटाची निकड? बाहेरच्यांनी त्याचा निवाडा करू नये. मात्र ज्यांनी ते केले त्यांना खालचे शहर कोणी सांगायची गरज नव्हती. ते त्या शहरातच राहत होते.

आपला या विमानांशी संबंध काय, असेही कोणी विचारील. तो आहे, आणि थेट पुण्यापर्यंत पोचतो. युद्ध संपल्यावर अमेरिकी बनावटीची कितीतरी लिबरेटर विमाने कानपूरला निकामी करून टाकून दिली होती. ती पुन्हा वापरता येऊ नयेत अशी त्यांची मोडतोड केली होती. स्वतंत्र भारताजवळ जड बॉम्बफेकी विमाने नव्हती आणि ती घेण्याइतका पैसाही नव्हता. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्या ढिगाऱ्यातून एकेक विमान उडण्याजोगे केले, ती विमाने बंगळूरला नेऊन दुरुस्त केली आणि १९४८ च्या अखेरीस त्यांची पाचवी स्क्वाड्रन उभी राहिली. पुढे सहाव्या स्क्वाड्रनची लिबरेटर लोहगावहून समुद्रावर टेहळणीला जात. १९६८ पर्यंत ती आपल्या वायुदलात होती. जगात इतरत्र ती केव्हाच भंगारात गेल्यामुळे निवृत्तीनंतर परदेशी संग्रहालयांनी आपल्याकडून ती नेली. ब्रिटन, कॅनडा, अमेरिका इथे आज जपलेल्या लिबरेटरांत अशी भारतातून गेलेली अनेक आहेत. एक दिल्लीच्या पालम संग्रहालयात आहे.

आता पाहा काय झाले. तिकडे गेल्यावर यांतल्या बहुतेकांना युद्धकाळचा ब्रिटिश किंवा अमेरिकी रंग चढला, नाकावर तिकडची चित्रे आली. त्यांच्या दृष्टीने ते स्वाभाविकच होते. पण भंगारातून ते विमान उभे करणारे कारागीर आणि भारतीय चक्र मिरवलेली वीस वर्षे त्या रंगाखाली गेली. धातू तोच राहिला, आठवण बदलली. गाळले जाणे म्हणजे काय, हे आपल्याला यावरून समजायला हरकत नाही. आणि ते समजले, की हॅम्बुर्गच्या तळघरातले किंवा म्योहनेच्या खोऱ्यातले गाळले गेलेले माणूसही फार परके वाटत नाही.

लहान आकारातला इतिहास आपल्या मुलांनाही नवा नाही. दिवाळीत अंगणात किल्ला होतो. त्यावर महाराज असतात, मावळे असतात, तोफा असतात. पण पायथ्याशी शेत असते, विहीर असते, डोक्यावर घागर घेतलेली बाई आणि बाजारात बसलेला म्हातारा असतो. पायथ्याच्या गावाशिवाय किल्ला पुरा झाला असे कोणतेही पोर मानत नाही. युद्धाच्या खेळातही खाली माणसे राहतात, हे त्याला न सांगता कळलेले असते.

या मॉडेलांचे महत्त्व यापुढे वाढतच जाणार आहे. ७,३७७ लँकेस्टर तयार झाली. त्यांतली उडण्याच्या स्थितीत दोनच उरली आहेत, एक ब्रिटनमध्ये आणि एक कॅनडात. २०१९ मध्ये कनेक्टिकटमध्ये आणि २०२२ मध्ये डॅलसमध्ये जुनी फ्लाइंग फोर्ट्रेस कोसळून माणसे गेली, तेव्हापासून ही म्हातारी विमाने उडवावीत का, हा वाद जोरात आहे. त्यांत बसून गेलेली पिढी जवळजवळ संपली आहे. तळघरांतून वाचलेली मुलेही आता नव्वदीकडे आहेत. उद्या एखाद्या घरात या युद्धाची उरलेली एकमेव वस्तू काचेच्या कपाटातले १७ इंची विमान असेल. नातवंड विचारील, हे काय आहे? त्या वेळी उत्तर तयार हवे.

म्हणून हा छंद बंद व्हावा, असे म्हणण्याचे कारण नाही. तो पुरा व्हावा, एवढेच म्हणायचे आहे. प्रत्येक पेटीत प्रमाणपत्र असतेच. हे मॉडेल इतक्यांपैकी कितवे, ते त्यावर छापलेले असते. त्याच्या शेजारी संग्राहकाने स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहून ठेवाव्यात. पहिली, या विमानातून कोण गेले आणि त्यांतले कोण परतले नाहीत. दुसरी, नाकावरचा प्रत्येक बॉम्ब कोणत्या गावाच्या नावाचा. मोहिमांच्या नोंदी उपलब्ध आहेत, गावांच्या स्मारकांवर आकडे कोरलेले आहेत. शेपटीवरचे अक्षर अर्धा मिलिमीटर सरकले तर ज्यांना कळते, त्यांना ही गावे शोधून काढणे मुळीच जड जाणार नाही.